मूळचा पाइप

"अहो, ब्रेकचा पाइप बदला म्हटलं ना."

"नवा लावला की गाडी अस्सल राहत नाही, आशा. परीक्षक आधी तेच बघतात."

"परीक्षक बसणारेत का शेजारी, घाट उतरताना?"

वाल्मीक हसला. सातपूरच्या गॅरेजात गिऱ्हाइकांच्या जुन्या गाड्यांचे पाइप तो दमदाटी करून बदलायचा. ही फियाट मात्र त्याची स्वतःची होती आणि आज जुन्या गाड्यांच्या शर्यतीत सुरगाण्याचा घाट उतरणार होती.

आशाने चाकामागे हात घालून त्या रबरी पाइपावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"गळतंय हे."

"काल ऑइल भरताना सांडलं असेल."

"मग पुसा, आणि ब्रेक दाबून दाखवा मला."

वाल्मीकने फडकं उचललं, खांद्यावर टाकलं आणि फाटक उघडायला निघून गेला.