सामाईक भिंत

तिसगावच्या शाळेतल्या मनकर्णाबाईंनी शेजारचं घर विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा गावाने तोंडात बोट घातलं. एकट्या बाईला दोन घरं कशाला? बाई सांगत, "पेन्शन जवळ आली. म्हातारपणी भाडं येईल." लोकांना ते पटलं. पैशाचं कारण लोकांना नेहमीच पटतं.

खरं कारण वेगळं होतं. त्या घरातलं सहादेवचं कुटुंब श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यावर गेलं, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून बाईंच्या भिंतीपलीकडे सगळं चिडीचूप. पाटा-वरवंटा नाही, पोरांची रडारड नाही, नवरा-बायकोचं भांडणसुद्धा नाही. शाळा सुटली की बाईंचं तोंड जे मिटायचं, ते दुसऱ्या दिवशी हजेरीलाच उघडायचं. नवरा कधीचा गेलेला, मूलबाळ नाही. एकटेपणा अंगवळणी पडतो म्हणतात. म्हणणारे भरल्या घरातले असतात.

भाडेकरूही त्यांनी मनात ठरवून टाकला होता. गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर गोरक्षनाथ, त्याची बायको आणि तीन पोरं. पोरं अशी, की एका जागी बूड टेकतील तर शपथ. बाईंना अगदी तशीच हवी होती.

तरी बाई व्यवहाराला कच्च्या नव्हत्या. पडीक घर, इसार देण्याआधी पारखून घ्यावं, म्हणून त्यांनी नूरमहंमद मिस्त्रीला बोलावलं. या माणसाने अर्धं तिसगाव बांधलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला नावं ठेवली होती. त्याने तुळया ठोकल्या, धाब्याच्या छतावर चढून पांढरी माती उकरली, पायाशी पहार घालून पाहिली.

"लाकूड बेस हाय," तो म्हणाला. "आता मधली भिंत तेवढी."

मधली भिंत दोन्ही घरांत एकच. दोन्ही अंगांनी दगड, पोटात मातीची भर. असली भिंत पारखायला माणसं दोन लागतात. एकाने अलीकडून ठोकायचं, दुसऱ्याने पलीकडून तळहात लावायचा. भर शाबूत असली तर ठोका हाताला लागतो, आतून खचली असली तर लागत नाही.

"तुमी तुमच्या घरात जावा, बाई. दार उघडं ठिवा. मी ठोकीत सरकतो, लागलं तर व्हय म्हना."

बाईंनी भिंतीला हात लावला. ठोका आला. "होय!" बाई ओरडल्या. दुसरा आला. "होय!" एवढ्या मोठ्याने त्या वर्गातही बोलत नसत. पलीकडे माणूस होतं, आपल्या उत्तराची वाट बघत होतं. बाईंना हसू फुटलं.

मग खाटेच्या उशाशी आल्यावर हाताला काहीच लागलं नाही.

"लागलं का?"

"होय," बाई म्हणाल्या.

नूरमहंमद घुटमळला. "नीट बगा. पुन्यांदा ठोकतो."

भिंत गार आणि मुकी. अजून एक होय म्हटलं की घर आपलं होणार होतं. पण याच भिंतीशी पलीकडे पोरांची अंथरुणं पडणार होती.

"नाही लागत!" त्यांनी सांगितलं. पुढे दारापर्यंत त्या नाहीच म्हणत गेल्या.

मिस्त्री हात झटकत आला आणि उंबऱ्याशी टेकला. "घेऊ नका. भिंत उतरवायची तर दोन्ही धाबी उतरवावी लागतील. लई खर्च हाय. आन तुमची खाट आजच हलवा."

बाईंचा चेहरा बघून तो म्हणाला, "निस्तं भाडंच पायजे असंल तर घ्या आन आडत्याला पोती ठिवायला द्या. पडली भिंत, तर पोती काय मरत न्हाईत."

"पोती बोलतात का माझ्याशी?" बाई बोलून गेल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मिस्त्री हलकेच म्हणाला, "पयल्यांदा तुमी व्हय म्हनला हुता, बाई. लागलं हुतं का?"

"नव्हतं लागलं," बाई म्हणाल्या. "पण तीन वर्षांनी पलीकडून कुणी काही विचारत होतं. नाही म्हणवेना."