रुसव्याची दृष्ट

ताई तीन दिवस खेडला ट्रेनिंगला जाऊन आल्या आणि येताना एक मोठा तक्ता घेऊन आल्या. तक्त्यावर चार तोंडं. एक हसणारं, एक रडणारं, एक रागावलेलं, एक घाबरलेलं. आमची अंगणवाडी गावाच्या वरच्या अंगाला. पोरं सतरा. ताई शिकवायच्या आणि मी मदतनीस, म्हणजे खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, कोण कुणाच्या अंगावर बसलाय ते बघायचं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी कामावरनं सुटायच्या आदल्या वर्षातली ही गोष्ट.

"मावशी, आता पोरांना भावना ओळखायला शिकवायच्यात," ताई म्हणाल्या.

"कोणाच्या?"

"स्वतःच्या हो. राग आला तर राग आला असं सांगता आलं पाहिजे."

राग आला की पोर जमिनीवर आडवं पडतं, ते काय कमी सांगणं झालं?

ताईंनी तक्ता भिंतीला लावला आणि रडणाऱ्या तोंडावर छडी ठेवली. "याला काय झालंय?"

"कांदा कापतोय," एक पोरगी म्हणाली.

घाबरलेल्या तोंडाला सगळ्यांनी मिळून ठरवलं की डाक्टर 'आ कर' म्हणालेत. रागावलेलं तोंड बघून एकजण म्हणाला, "हे आमचे आबा, पण मिशी नाय." आणि हसणाऱ्याला म्हणे शिमग्याची सुट्टी पडली. आठ दिवस ताई रोज विचारायच्या, "हा काय आहे? दुःखी आहे. म्हणा, दुःखी." पोरं म्हणायची, "दुःखी." आणि बाहेर जाऊन एकमेकांना ढकलून द्यायची.

त्या सतरांत एक चार वर्षांची मुलगी होती. ती तक्त्याकडे बघायचीसुद्धा नाय. दाराकडे तोंड करून बसायची, खिचडीला हात लावायची नाय आणि जवळ कोण आलं तर चावायची. नुसतं दात लावणं नव्हे, वळ उठायचे.

पोर तशी नव्हती हो. दिवाळीपर्यंत उड्या मारत यायची. दिवाळीनंतर तिची आई मुंबईला गेली. बापूस तिथं कंपनीत होता, त्यानं आईलाही काम बघितलं. खोली लहान, दोघं कामावर, पोरीला सांभाळणार कोण? म्हणून ती आजोबांकडे राहिली. आजोबा एकटे. सकाळी काजूच्या बागेत कामाला जायचे ते दुपारी यायचे. तेवढा वेळ पोरीला अंगणवाडी हाच आधार.

मग दोन-तीन आया ताईंकडे आल्या. एकीनं आपल्या पोराचा दंड उघडून दाखवला. "ही पोर इथं राहणार असेल तर आमी आमचं पाठवत नाय." ताईंनी कसंबसं समजावलं. शिमग्यापर्यंत थांबा, सुधारली नाय तर तिच्या आजोबांना सांगते घरी ठेवा म्हणून.

घरी म्हणजे कुठं? रिकाम्या घरात, बाहेरनं कडी घालून. दुसरा इलाजच नव्हता त्यांना.

आणि यात माझा हात होता. ते मी ताईंना तेव्हा सांगितलं नव्हतं. पोरीची आई निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आली होती, डोळे सुजलेले. "मावशी, ही मला सोडणार नाय. काय करू?" मी तिला सांगितलं, "डोळा चुकवून जा. पोराला दिसलं नाय की रडत नाय. दोन दिवसांत विसरतं."

आमच्याकडं सगळ्याच तसं करतात. मीही तेच केलं होतं. माझं माहेर हर्ण्याजवळ. नवरा गेला तेव्हा माझा मुलगा दोन वर्षांचा. माहेराहून सुकट, बोंबील आणायची आणि टोपली डोक्यावर घेऊन वरच्या गावांतनं फिरायची. मासळी द्यायची, भात घ्यायचा. पोराला शेजारणीकडे ठेवायची. ती त्याला म्हणायची, "ती बघ कोंबडी," आणि तो कोंबडीकडे बघायचा तेवढ्यात मी मागल्या दारानं पसार. बरं चाललं होतं. पावसात टोपलीचं पाणी मानेवरनं पाठीत उतरायचं, वास महिनामहिना अंगातनं जायचा नाय, पण दोन वेळचं पोटाला मिळायचं. पोरगा रडताना मी कधी बघितला नाय. म्हणजे रडत नसणारच, असं मी धरून चालले.

शिमग्याला महिना राहिला असेल. एका सकाळी आजोबा पोरीला दंडाला धरून घेऊन आले.

"वैनी, हिची दृष्ट काढा. हिला जबरदस्त कोणाची तरी लागलीय."

गावात दृष्ट काढायला माझ्याकडेच यायचे. माझी सासू काढायची, तिच्याकडनं मी शिकले. मी डब्यातलं खडे मीठ मुठीत घेतलं. मिरच्या, मोहरी नाय, कारण चुलीत टाकल्यावर ठसका लागतो आणि ताईंना ते चालत नाय. पोरीला पाटावर बसवलं आणि मूठ फिरवायला लागले. "आल्याची, गेल्याची, पाप्याची, चांडाळाची..."

"मावशी," ताई मागनं म्हणाल्या, "पोरांसमोर पापी-चांडाळ नको हो."

"मग काय म्हणू?"

"काही चांगलं म्हणा."

आता चांगली दृष्ट कुठनं आणू? समोर भिंतीवर तक्ता. आठ दिवस कानांवर पडून पडून तोंडात बसलेलं. मी म्हटलं, हेच घ्या. "रागाची, आनंदाची, भीतीची, दुःखाची."

दारात उभी राहिलेली पोरं हसली. पाटावरची दाराकडे बघत. दुःख वगैरे तिला काय कळणार, ते पुस्तकातलं. माझी मूठ चालू होती, शब्द संपले होते, आणि दृष्ट काढताना मधे थांबायचं नसतं. म्हणून जे सुचेल ते म्हणत गेले.

"कंटाळ्याची. लाजेची. हिरमोडाची. एकटं एकटं वाटल्याची. रुसव्याची..."

पोरीनं माझी मूठ दोन्ही हातांनी धरली.

"ही," ती म्हणाली.

"कुठली गो बाय? रुसव्याची?"

तिनं मान हलवली.

"कोणावर रुसलीस?"

"आईवर." माझ्या मुठीतला मिठाचा एक खडा तिनं बोटानं उकरून काढला. मग म्हणाली, "ती म्हणाली, दूध आणते. दूध आणायला एवढा वेळ लागतो?"

आजोबा दाराशी उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. दिवाळीपासून ही पोर दारात बसून दुधाची वाट बघत होती, आणि आमी दोघं शहाणी माणसं तिची दृष्ट काढत होतो.

मी मीठ बाहेरच्या माडाच्या बुंध्यात टाकायला उठले. माडाला मीठ लागतंच, वाया जात नाय. तर पोरीनं लुगडं ओढलं.

"अजून एक मूठ."

"आता कशाला?"

"आठवणीची राहिली."

"दोन दोन लागल्यात व्हय तुला?"

"हो," ती म्हणाली. "दोन."

त्या दिवशी तिनं खिचडी खाल्ली. सगळी नाय, अर्धी. पण खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सतरा पोरं माझ्यापुढं रांगेत. "आजी, माझी काढा." "आजी, माझी आधी." एकाची भीतीची निघाली, कारण त्यांच्या गोठ्यात धामण आली होती. एकीला घरात नवीन भाऊ झाला होता, ती पहिल्यांदा म्हणाली आनंदाची, मग माझ्या कानात येऊन म्हणाली, "आजी, रागाची." एकजण रोज एकच सांगायचा, भुकेची.

"मावशी, भूक ही भावना नाही," ताई म्हणाल्या.

"दोन दिवस उपाशी राहून बघा, मग सांगा," मी म्हटलं.

ताई हसल्या. भुकेची पण चालू राहिली.

मग पोरं एकमेकांची काढायला लागली. पाट मांडायचा, एकानं बसायचं, दुसऱ्यानं मूठ फिरवायची. मिठाचा डबा आठवड्यात रिकामा, तेव्हा मी त्यांना मुठीत वाळू घ्यायला लावली. नावं तीच शोधून काढायची. माझं बोर कोणी घेतलं त्याची. बाबा फोनवर बोलत बसले त्याची. रात्री पत्रा वाजला त्याची. ताई प्रत्येक दृष्टीला तक्त्यातलं नाव जोडून द्यायच्या. "बोर घेतलं तर काय वाटलं? राग? बरं. मग म्हण, मला राग आलाय." मीही त्यांच्याबरोबर शिकत होते. साठी उलटली तरी मला दोनच माहीत होत्या, बरं वाटतंय आणि काय होत नाय.

चावरी पोर एकदा परत चवताळली. कोणी तरी तिच्या चपला लपवल्या. तिनं त्याचा हात धरला, तोंड उघडलं, आणि चावायच्या ऐवजी त्याच्या कानात ओरडली, "राग!" तो एवढा दचकला की मटकन खाली बसला. बाकीची पोरं धावली, कोणी पाट आणतंय, कोणी वाळू. चावायचं राहूनच गेलं.

पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या मोठ्या बाई अंगणवाडी तपासायला आल्या. ताईंचा जीव खालीवर, हे दृष्टीचं प्रकरण बाहेर आलं तर काय, म्हणून. आणि त्या चावऱ्या पोरीनं सरळ बाईंच्या समोर पाट मांडला. "बसा." बाई बसल्या. "रागाची, भीतीची, लाजेची, कंटाळ्याची, दमल्याची..." बाईंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "हीच गं बाई." वहीत काय लिहिलं ते आमाला माहीत नाय, पण जाताना आमच्या माडाखाली चप्पल काढून दहा मिनिटं नुसत्या बसून गेल्या.

हे सगळं बघून मला माझा मुलगा आठवायला लागला. तो मुंबईला असतो. रविवारी फोन करतो. "बरी आहेस ना?" "बरी. तू?" "बरा." झालं आमचं. एका रविवारी मी त्याला विचारलं, "तू लहान असताना मी डोळा चुकवून जायची, तेव्हा तू रडायचास?"

मला वाटलं रेंज गेली.

"रडायचो नाय," तो म्हणाला. "कोंबडीवर दगड मारायचो. मला वाटायचं, मी कोंबडीकडे बघितलं म्हणून तू जातेस."

"मग कधी बोलला नाहीस ते?"

"काय बोलणार? तू दमून यायचीस."

मग आमी बराच वेळ बोललो. काय काय ते इथं सांगत नाय. फोन ठेवताना तो म्हणाला, "आई, आता कोंबडी खातो मी, काळजी करू नको." दोघं हसलो.

शिमग्याला पालखीच्या आदल्या दिवशी पोरीचे आईबाप आले. पोर आईकडे गेली नाय. पायरीवर उभी राहून म्हणाली, "मी रुसलेय तुझ्यावर. तू दूध आणलं नाहीस." आई तिथंच खाली बसली. मग रुसवा किती वेळ टिकणार? तासाभरात पोर आईच्या कडेवर, आणि पाच दिवस खाली उतरली नाय. पालखी नाचवताना पण कडेवरच.

बापूस दोन दिवस आधीच कामावर परतला होता. आईच्या निघायच्या दिवशी आजोबा माझ्याकडे आले. "वैनी, मी हिला काजूच्या बागेत घेऊन जातो. तेवढ्यात सूनबाई एसटी पकडेल."

"नाय भावोजी."

"रडेल हो ती."

"रडू दे. मागल्या खेपेला मीच तिला तसं सांगितलं होतं. माझं चुकलं. या खेपेला पोरीच्या देखत जायचं."

ते बघतच राहिले. चुकलं असं मी मोठ्यानं बोललेलं त्यांनी तरी कधी ऐकलं नव्हतं.

आमी सगळे एसटीच्या थांब्यावर गेलो. ताई आल्या, पाच-सहा पोरंही आली. आईनं पोरीला समोर बसवून सांगितलं, "मी मुंबईला कामाला चाललेय. दूध आणायला नाय. आंबे पिकले की येणार."

"नक्की?"

"नक्की."

पोर उठली. रस्त्याच्या कडेची माती मुठीत घेतली आणि आईला म्हणाली, "खाली बस." आई बॅग टाकून बसली. लाल मातीची मूठ तिच्या डोक्यावरनं फिरायला लागली. "रागाची, भीतीची, आठवणीची..." आईनं आठवणीला मूठ धरली. मग पोर म्हणाली, "माझी पण तीच." तेवढ्यात एसटी आली. कंडक्टर म्हणाला, "आटपा हो," आणि काय चाललंय ते बघून दार धरून उभा राहिला.

गाडी सुटली. पोर रडली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, गाडी वळणाला जाईपर्यंत हात हलवत. मी तिला गप बस म्हटलं नाय. माझा हात तिच्या पाठीवर होता तेवढाच. बाकीची पोरं आपापल्या मुठीत माती घेऊन उभी होती, कोणाला लागली तर.

मग तिनं नाक माझ्या लुगड्याला पुसलं आणि विचारलं, "आजी, आज खिचडीत वाटाणे घातलेस?"

"घातलेत."

"मग चल लवकर," ती म्हणाली, "भुकेची लागलीय," आणि सगळ्यांच्या पुढं पळाली.