आभाळातून पडलेली टाकी

इगतपुरीच्या वाटेवरच्या एका गावात लंकाबाई झेंडू आणि मेथी पिकवते. गावात तिचं नाव आहे ते मात्र पिकामुळे नाही, तोंडामुळे. गावतळ्यात कुणी फवारणीचा पंप धुवायला बसला, की ती बांधावरूनच त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करते. तळं सगळ्यांचं, म्हणून त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणीच नाही. ते काम तिनं आपणहून अंगावर घेतलेलं.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी आभाळातून जळत्या ठिणग्यांची माळच्या माळ सरकत गेली. सकाळी लंकाबाई तळ्यावरची मोटर चालू करायला गेली, तर काठच्या चिखलात भोपळ्याएवढा काळपट धातूचा गोळा रुतलेला. बघता बघता अर्धा गाव जमला. धनराज टेम्पोवाला तर दोर घेऊनच आला.

"भंगारात चांगला भाव येईल काकू. सरका."

"नाय सरकत. आत काय हाय, ठावं हाय का तुला?"

"तुम्हाला तरी कुठं ठावं हाय?"

"नाय ना. म्हणूनच हात लावायचा नाय."

तिनं लोकांना मागं रेटलं, शेळ्या हुसकल्या आणि वाटेवर जी ठाण मांडून बसली, ती पोलीस येईपर्यंत हलली नाही.

मग योगिनी नावाची तरुण शास्त्रज्ञ आली. तिनं हातमोजे चढवून गोळा निरखला. "रॉकेटमधली इंधनाची टाकी आहे," ती म्हणाली. "आत विषारी अंश असू शकतो. पाणी तपासून होईपर्यंत तळं बंद ठेवा."

ऐन फुलावर आलेल्या झेंडूकडे लंकाबाईनं एकदा पाहिलं आणि स्वतःच जाऊन मोटर बंद केली. त्या दिवशी तिनं आभाळाला मनसोक्त शिव्या घातल्या. तिचा नवरा लहानू शेजारी बसून मान डोलावत होता.

टाकी गाडीत चढल्यावर योगिनी लंकाबाईच्या ओट्यावर चहाला बसली.

"वरती असलं लय हाय का गं?"

"खूप, मावशी. जुने उपग्रह, रॉकेटचे तुकडे. सगळे देश सोडतात, परत आणत कुणी नाही."

"मग ती जागा कुणाची?"

"सगळ्यांची."

"म्हंजे आमच्या तळ्यासारखीच गत. तिथं वरडायला कोण हाय?"

"नियम आहेत. पण ओरडायला कुणी नेमलेलं नाही."

"मला सांग, मी येते," लंकाबाई म्हणाली. योगिनीला हसता हसता ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी धनराज मेहुण्याच्या विहिरीवरून पिपं भरून घेऊन आला. गावच्या गुरांना पाणी पाजून उरलेली दोन पिपं त्यानं लंकाबाईच्या बांधावर उतरवली. तिनं त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला. तिनं शिवी न देता चहा पाजणं म्हणजे केवढं, हे गावाला माहीत होतं.

आठवड्यानं योगिनीचा फोन आला. पाणी स्वच्छ होतं. टाकीच्या आत मात्र विषाचा अंश सापडला होता. ते ऐकून धनराज आपले तळवे उलटसुलट करून बघत राहिला.

"बघतोस काय? जागेवर हायेत," लंकाबाई म्हणाली.

निम्मा झेंडू करपला होता. उरलेला तोडून ती धनराजच्या टेम्पोतून नाशिकच्या फूल बाजारात गेली. तिथं टाकीची हकिकत ऐकायला गिऱ्हाईक असं गोळा झालं, की पाट्या रिकाम्या झाल्या तरी कुणी हलेना. शेजारची फुलवाली वैतागून म्हणाली, "लंकाबाई, आता माझ्या पाटीमागं बसून सांग की."

लंकाबाई उठली, तिच्या पाटीमागं जाऊन बसली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.