औषध घालण्याआधीच

आज प्रयोगशाळेत गोगलगायींच्या टाक्यांमध्ये फवारणीचं औषध मोजून घालायचं होतं. त्याआधीच माझ्या टाक्यांमधल्या सगळ्या गोगलगायी मेलेल्या दिसल्या. ब्रशने हलकेच स्पर्श केला, पण एकीनेही अंग आत ओढलं नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून मी या टाक्यांसाठी आमच्या शेतातल्या विहिरीचं पाणी अकोल्याला आणलं होतं. शेजारच्या टाकीत क्लोरीन उडून जाईपर्यंत उघडं ठेवलेलं नळाचं पाणी आहे. त्यातल्या गोगलगायी जिवंत आहेत.

मॅडम म्हणाल्या, "पाणी बदल आणि प्रयोग पुन्हा लाव."

मी घरी फोन केला. तपासणी होईपर्यंत विहिरीचं पाणी पिऊ नका, असं आईला सांगितलं.

"काहून? गोगलगायी मेल्या म्हणून?" आई हसली. "आमी रोज तेच पिऊन राहिलो. तू बी त्याच पाण्यावर वाढली."

"आई, मी गंमत करत नाही."

"मंग काय पिऊ, ते सांग."

तेवढ्यात फोनवर मागे बाबांनी माठात पेला बुडवल्याचं ऐकू आलं. तो आवाज अजून कानातून जात नाही.

नमुना तपासायला दिला आहे. कारण दुसरंही असू शकतं. हातात फक्त संशय असताना तुम्ही घरच्यांना कसं थांबवलं असतं?