पाहुण्यांच्या खोलीतली पाटी

बबनभाऊंच्या सुजाताचा फोन आला तेव्हा मी आमच्या संशोधन केंद्राच्या फाटकात उभी होते. पुण्याच्या एका महाविद्यालयातून सहा ससे स्कॅनसाठी येणार होते आणि गाडीने पेठ गाव सोडल्याचं ड्रायव्हरने नुकतंच कळवलं होतं. "मॅडम, बाबा गेले," ती म्हणाली, "सकाळीच... झोपेतच." मी काहीतरी बोलले असेन, काय ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर मनात आलेली पहिली गोष्ट मात्र पक्की आठवते. पाहुणे पोचतायत, बबनभाऊंना सांगायला हवं... मग फाटकाशेजारच्या दगडावर मी बसले आणि वॉचमनसमोर लाज न बाळगता रडले. त्याला आता सहा आठवडे होत आले. बबनभाऊंवर चार ओळी लिहायच्या तर एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी दहा वर्षं कुणाला सांगितली नाही. म्हणून लेखणी उचलायला इतके दिवस गेले.

कळंबजवळ, पुणे-नाशिक रस्त्यापासून जरा आत, आमचं केंद्र आहे. नव्वदच्या दशकात तिथे एक जुनं सीटी स्कॅनचं यंत्र आलं, खास प्राण्यांवरच्या संशोधनासाठी. तसं यंत्र आसपासच्या महाविद्यालयांकडे नव्हतं. त्यामुळे त्यांचे ससे आणि उंदीर आमच्याकडे थोड्या दिवसांच्या मुक्कामाला यायचे, स्कॅन झाला की परत जायचे. कागदोपत्री त्यांना 'बाह्य संस्थांचे अल्पकालीन प्राणी' असं भारदस्त नाव होतं. प्राणिगृह सांभाळणारे बबनभाऊ त्यांना 'पावणं' म्हणायचे. मी पुण्याहून नोकरीला आले त्या पहिल्याच आठवड्यात अशी एक गाडी आली. मी हातात घड्याळ घेऊन तयार, यंत्र तयार, आणि हा पांढऱ्या मिशांचा उंच माणूस पिंजरे उतरवून चिंचेखाली ठेवतो, त्यांच्यावर ओलं गोणपाट टाकतो आणि शेजारी उकिडवा बसून राहतो! "अहो, चला की आत," मी म्हणाले. "बसा म्याडम," ते म्हणाले, "पावणं आत्ता गाडीतनं उतरल्यात. त्यांना आधी कळू द्या, आपन कुठं आलो ते." मी नाकावर राग घेऊन तासभर तिथे येरझाऱ्या घातल्या. ते ड्रायव्हरची उलटतपासणी घेत होते, वाटेत किती वेळा थांबलास, हॉर्न किती वाजवलास, गाडीत गाणी लावली होतीस का.

प्रत्येक गाडीबरोबर त्या-त्या संस्थेतला मूठभर जुना भुसा आलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. नव्या पिंजऱ्यात तो मिसळला की घरचा वास येतो आणि ससा लवकर खायला लागतो, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. पाहुण्यांसाठी व्हरांड्याच्या टोकाला वेगळी खोली होती, कारण बाहेरून एखादा आजार आला तर तो आमच्या प्राण्यांना लागायला नको. त्याच कारणाने नियम असा होता की सकाळी आधी घरच्या प्राण्यांचं सगळं करायचं आणि पाहुण्यांकडे शेवटी जायचं. हा नियम बबनभाऊंनी कधी मोडला नाही आणि तो त्यांना कधी पटलाही नाही. "आपल्यात पावण्याला आधी वाढत्यात अन् हितं घरचं जेवल्यावर पावण्याची पाळी. लई वंगाळ दिसतं बगा." पाहुण्यांच्या खोलीत शिरताना ते रोज सशांची माफी मागत. मी दाराआडून ऐकलेलं आहे. "उशीर झाला राव, काय करनार, साहेबांचा नियम हाय."

त्यांच्या विनोदाला खट्याळपणा होता, पण डंख नव्हता. यंत्राला ते 'भोकाचं मशीन' म्हणायचे. पुण्याचे ससे दुपारी निपचित पडले की मला ऐकवायचे, "तुमच्या गावचं पावणं हायत म्याडम, एक ते चार कुनाला भेटत नायत." वीज जायच्या वेळा त्यांना तोंडपाठ होत्या आणि स्कॅनची वेळ त्यांना विचारल्याशिवाय ठरवायची नाही, हे मी दोनदा तोंडघशी पडल्यावर शिकले. कळंबातला त्यांचा चुलतभाऊ त्यांना 'उंदरं राखनारा' म्हणून चिडवायचा. ते हसण्यावारी न्यायचे, पण एकदा मला म्हणाले होते, "म्याडम, आजपातुर माज्या हातून गेलेल्या पावण्याबद्दल कुना संस्थेची तक्रार न्हाई. आमच्या सुजीला मी तेवडंच सांगतो." सुजाता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा शाळेत होती. त्यांच्या त्या वाक्याचं मोल मला तेव्हा कळलं असतं तर...

त्या पहिल्याच वर्षी एका महाविद्यालयातून आठ ससे दहा दिवसांसाठी आले. एका विद्यार्थिनीच्या पीएचडीचा प्रयोग होता, हाडांवरचा. चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी असलेलं खास खाद्य सशांबरोबर पोत्यात आलं होतं आणि त्याखेरीज दुसरं काहीही त्यांना द्यायचं नव्हतं. पहिल्या दिवशी एक स्कॅन, शेवटच्या दिवशी दुसरा. सातव्या दिवशी सकाळी बबनभाऊ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. टोपी हातात. "म्याडम, त्या बाईंच्या सशांचा फोटू खोटा निघल का?" मला काही कळेना. हळूहळू उलगडा झाला. आठांतले दोन ससे ते पांढरं खाद्य हुंगून तोंड फिरवत होते. दोन दिवस बबनभाऊंनी वाट पाहिली, मग राहवलं नाही. घरून लसूणघास, गुरांचा हिरवा चारा, आणून ते त्या दोघांना मूठ-मूठ घालत होते, चार दिवस. लसूणघासात चुना भरपूर. आदल्या दिवशी ती विद्यार्थिनी बघायला आली होती, तिच्या बोलण्यातून त्यांना पथ्याचं पहिल्यांदा कळलं. "पावणं उपाशी ऱ्हायलं म्हनून दिलं," ते म्हणाले. "कुनी बघितलं न्हाई. पर मशीन समोर ठेवलंय त्येचाच फोटू काडनार ना? आपन समोरच खोटं ठेवलं तर ते बिचारं काय करंल? त्या पोरीला सांगाया पायजे."

खरंच कुणी बघितलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर प्रबंधात दोन चुकीचे आकडे कायमचे जाऊन बसले असते आणि आमच्या केसालाही धक्का लागला नसता. मी तसं सुचवूनही पाहिलं, हे कबूल करते. त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. मी फोन उचलला. विद्यार्थिनी आधी रडली, मग सावरली, कारण कोणते दोन ससे, कोणत्या दिवसापासून, किती मुठी, हे सगळं बबनभाऊंनी तिला बोटांवर मोजून सांगितलं. ते दोन ससे बाजूला काढून उरलेल्या सहांवर तिचा प्रयोग तरला. तिचे प्राध्यापक मात्र भडकले आणि त्यांचं तक्रारीचं पत्र आमच्या संचालकांकडे आलं.

आता ती गोष्ट. पथ्याची सूचना पत्राने आठ दिवस आधी आली होती. इंग्रजीत, दोन पानी, माझ्या नावाने. मी ती वाचली, ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि बबनभाऊंना सांगायचं राहून गेलं. बस, इतकंच. कसलीही घाई नव्हती, कुणी आजारी नव्हतं, सबब म्हणून पुढे करावं असं काहीसुद्धा नव्हतं. संचालकांनी आम्हा दोघांना समोर बसवून मला विचारलं, "पथ्याबद्दल सूचना होती का?" मी म्हणाले, "हो सर, पत्र आलं होतं." त्यात एक शब्द खोटा नव्हता. पण संचालकांनी त्याचा अर्थ असा घेतला की सूचना बबनभाऊंपर्यंत पोचली आणि त्यांनी ती मोडली. माझी नोकरी महिनाभरात कायम व्हायची होती. मी मूग गिळून गप्प बसले. बबनभाऊंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घास मीच घातला साहेब." त्यांच्या फाइलीत लेखी ताकीद लागली, 'सूचना असूनही हेतुपुरस्सर दुर्लक्ष' अशा शब्दांत, आणि त्यांना प्राणिगृहातून काढून बागेत टाकलं.

आठ महिने ते बागेत होते. गाडी आली की हातातलं खुरपं तसंच धरून कुंपणापाशी उभे राहायचे, जवळ यायचे नाहीत. नवा माणूस कामाला चोख होता, पण पिंजरे उतरवून थेट खोलीत नेऊन ठेवायचा, आणि ससे दोन-दोन दिवस खाद्याला तोंड लावायचे नाहीत. ते आकडे दाखवून मी संचालकांच्या मागे लागले आणि बबनभाऊंना परत आणलं. मला वाटलं, फिटलं. परत आले त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एकच मागणी केली. "म्याडम, एक पाटी आना, शाळंतली. पावणं येनार असलं की काय घालायचं, काय न्हाई, ते तुमच्या हातानं मराठीत लिवत जा." मी मंचरच्या बाजारातून पाटी आणली. तिच्या वरच्या कडेला त्यांनी फाटकाचा उरलेला हिरवा ऑइलपेंट घेऊन स्वतः ओळ काढली, 'पाव्हणे आले आहेत. हळू बोला.' खालची जागा माझी. त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकही गाडी अशी आली नाही की पाटी कोरी होती. पण ड्रॉवरमधल्या पत्राबद्दल मी बोलले नाही. दर वेळी खडू हातात घेतला की आज सांगू असं वाटायचं, आणि ते म्हणायचे, "लिवा म्याडम, सावकाश."

निवृत्तीनंतरही गाडी आल्याचं कळलं की सायकलवर टांग मारून यायचे, चिंचेखाली बसायचे. मग फुप्फुसाच्या दुखण्याने अंथरूण धरलं. शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. खोलीत पाच-सहा नातलग बसलेले, टीव्ही चालू, प्रत्येक जण वेगळा डॉक्टर सुचवतोय. बबनभाऊ माझ्याकडे बघून पुटपुटले, "म्याडम... पाटी लावा हितं." आम्ही दोघं हसलो. त्यांना खोकला आला आणि मंडळी गप्प झाली. जरा वेळाने सगळे चहाला बाहेर गेले. मी खुर्ची पुढे ओढली. "बबनभाऊ, मला एक सांगायचंय, ते पत्र..." इतकंच मी म्हणाले. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. सशाला धरतात तसाच, न दाबता. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "घाई न्हाई." मी निघाले तेव्हा त्यांनी बायकोला, वहिनींना, सांगून लसूणघासाची पेंडी माझ्या गाडीत ठेवायला लावली. पाहुणा रिकाम्या हाती जाऊ नये, हे आहेच. वर डोळे मिचकावून म्हणाले, "पथ्य इचारून घाला बरं का."

बौद्ध रीतीने झालेल्या त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी कळंबला गेले. वंदना झाली, चार लोक बोलले, मलाही बोलायला सांगितलं. मी त्यांच्या कामाबद्दल बोलले, पत्राबद्दल नाही. मग मात्र माझा पाय निघेना. स्वयंपाकघरात वहिनी भांडी आवरत होत्या, सुजाता त्यांच्या मदतीला होती. ती आता मंचरला नर्स आहे. तिथेच ओट्याला टेकून मी दोघींना सगळं सांगितलं. पत्र, ड्रॉवर, संचालकांची खोली. सांगून झाल्यावर खाली बघत उभी राहिले. त्या मला हाकलतील असं वाटलं, खरं तर हाकलावं असंच वाटत होतं. वहिनींनी हातातलं पातेलं पालथं ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"आमाला ठाव हाय, बाई," त्या म्हणाल्या. "पोस्टातनं ते पाकीट त्येंनीच न्हवतं का आनलं? त्या येळी सुजी लई तापली व्हती, म्हनली, मी जाऊन सांगते सायबाला. तर म्हनले, गप ऱ्हावा. बाई नवीन हाय, घाबरलीया. तिला जरा बसू द्या. सांगंल ती, तिच्या टायमाला." मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जरा उशीर केलात, एवडंच."

दुसऱ्या दिवशी मी संचालकांच्या परवानगीने ती जुनी फाइल काढून घेतली. संचालक आता नवे आहेत, त्यांना प्रकरण माहीतही नव्हतं. ताकिदीच्या कागदाखाली शाईने लिहिलं की पथ्याची सूचना माझ्या ड्रॉवरमध्ये होती, ती बबनभाऊंना दिली गेली नव्हती, दोष माझा आहे. खाली सही केली. त्याची प्रत सुजाताला नेऊन दिली. तिने ती शांतपणे वाचली, नीट घडी घातली आणि बाबांच्या निवृत्तीच्या फोटोमागे ठेवली.

या आठवड्यात पुन्हा एक गाडी आली. चार ससे, तीन दिवसांसाठी. नव्या मुलीला मी पिंजरे चिंचेखाली ठेवायला सांगितले. ती घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होती, मी घालू दिल्या. पाटी अजून त्याच खिळ्यावर आहे. खालचा मजकूर मी दर वेळी पुसते आणि नवा लिहिते, वरची ओळ ऑइलपेंटची आहे, ती पुसली जात नाही. या वेळी पथ्य काहीच नव्हतं. मी लिहिलं, 'लसूणघास चालेल', आणि आत शिरताना, उशीर झाल्याबद्दल माफी मागितली.