डाव्या तळहाताची काळी कड

जेवायचं उजव्या हातानं आणि लिहायचं डाव्या हातानं, हा जगाचाच रिवाज आहे असं मी तेराव्या वर्षापर्यंत समजत होते. आमच्या गावात ज्या पोरांना अक्षर येत होतं ती सगळी तशीच लिहीत.

बीदरकडच्या चिंताकीहून कोसभर आत आमचं गाव. निजामाच्या राज्यात तिथं शाळा नव्हती. लिहिता येणारी मोठी माणसं दोनच, पटवारी आणि फौजी अप्पा. फौजी अप्पा नात्यानं माझ्या वडिलांचे चुलते. तरुणपणी सिकंदराबादेला जाऊन ते फौजेत भरती झाले, पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याकडे खेचरं हाकायला गेले आणि उजवा हात कोपरापासून गमावून परत आले. दोन्ही हात होते तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. मुंबईच्या इस्पितळात, हात गेलेल्या जवानांना शिकवायला एक मास्तर येत, त्यांनी यांच्या उरलेल्या हातात टाक दिला. आधी उर्दू शिकवली, मग मराठी.

"उर्दू डाव्या हाताला मानवती," अप्पा सांगत. "हात पुढं पळतो, अक्षर मागं ऱ्हातं. आपली मराठी हाताखाली सापडती अन् पुसती."

सकाळी धारा काढून झाल्या की त्यांच्या गोठ्यासमोरच्या ओट्यावर आमचा वर्ग भरे. बारा-तेरा पोरं आणि पोरींमध्ये मी एकटी. माझ्या आईला ते आवडत नव्हतं. अप्पा तिला म्हणाले, "सूनबाई, बसऱ्याला माझ्याकडं खेचरी बी व्हत्या. त्यांनी काय कमी वझं व्हायलं?" आईला राग आला, पण हसूही आलं, आणि माझं शिकणं सुरू राहिलं.

पटवाऱ्यानं टाकून दिलेल्या कागदांच्या पाठीवर आम्ही बोरूनं लिहायचो. शाई काजळीची. नवीन पोराला अप्पा पुढ्यात घेऊन बसत आणि त्याचा हात आपल्या हातात धरून गिरवून घेत. त्यांना एकच हात, म्हणून पोराचाही तोच हात धरला जाई. ओळ लिहिताना आमचे तळहात ओल्या शाईवरून सरकत आणि करंगळीकडची कड काळी होई. वर्ग सुटताना अप्पा फौजेतल्यासारखं म्हणत, "हात." आम्ही रांगेत उभं राहून डावे तळहात पुढं करायचो. ज्याची कड काळी, त्यानं अभ्यास केला. रांग तपासून झाली की ते म्हणत, "जावा, धुवा."

मी तेरा वर्षांची असताना उदगीरकडचे पाहुणे मला बघायला आले. मुलगा बीदरच्या कचेरीत होता, त्याचे काका मास्तर होते. काका म्हणाले, "मुलीला लिहिता येतं असं ऐकलं. नाव लिहून दाखव, बाळ."

वडिलांनी मोठ्या अभिमानानं माझ्यापुढं कागद ठेवला. मी मन लावून लिहिलं. शिरोरेघ सुद्धा सरळ आली. वर पाहिलं तर कागदाकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे माझ्या हाताकडं बघत होते.

"पोरगी डावरी हाय की," मुलाची आत्या म्हणाली.

"न्हाई न्हाई, समदी कामं उजव्यानं करती," आई घाईनं म्हणाली. "फकस्त लिवायचं तेवढं..."

"कुंकू कुठल्या हातानं लावती, तेबी इचारून घ्या," आत्या म्हणाली, आणि दोघं-तिघं हसले.

फौजी अप्पा दाराशी बसले होते. पाहुणे येणार म्हणून त्यांनी जुना खाकी कोट घातला होता, रिकामी बाही दुमडून टाचलेली. ते उठून उभे राहिले.

"पाव्हणं, पोरीला बोल लावू नगा. तिचा हात न्हाई तो, माझा हाय."

पाहुण्यांनी सुपारी घेतली आणि गेले. चार दिवसांनी नकार आला.

अप्पांनी वर्ग बंद केला. वडिलांना म्हणाले, "पटवारी उजव्यानं लिवतो हे मला काय दिसत नव्हतं? मला वाटलं, अक्षर आलं म्हंजे झालं. मी पोरांचे हात बिघडवले."

मग एके दिवशी सकाळी ते कागद आणि बोरू घेऊन एकटेच आमच्याकडं आले आणि मला उजव्या हातानं लिहायला शिकवू लागले. मागं बसून त्यांना माझा उजवा हात धरता येईना. शेवटी ते माझ्यासमोर बसले आणि समोरूनच हात धरून 'क' काढला. तो त्यांच्या बाजूनं सरळ आणि माझ्या बाजूनं डोक्यावर उभा होता.

"हे काय लिवायलीस?" ते म्हणाले.

"तुम्हीच लिवायलाव, अप्पा."

आम्ही दोघं हसलो. हसता हसता त्यांनी बोरू खाली ठेवला, आणि पुन्हा उचलला नाही.

त्याच आठवड्यात ते वडिलांशी बोलले. बीदरला माझे मामा राहत होते, तिथं मुलींची शाळा होती. "लगीन माझ्या पायी मोडलं," अप्पा म्हणाले. "आता पोर घरात बसून लोकांचं ऐकायलीय. हिला शिकू दे. माझं एवढं ऐक." वडिलांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी बैलगाडी जुंपली. अप्पाही आमच्याबरोबर आले, खाकी कोट घालून. शाळेतल्या बाईंपुढं ते ताठ उभे राहिले आणि त्यांनी उर्दूत सगळा गुन्हा स्वतःच्या नावावर सांगितला. बाईंनी महिनाभर माझ्या उजव्या हातात टाक देऊन पाहिला. नंतर माझं अक्षर बघून तो नाद सोडला.

बीदरहून मी हैदराबादला कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी चौथीसुद्धा पाहिली नव्हती. सुट्टीत घरी आले की मी अप्पांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. दुसरं महायुद्ध चाललं होतं, बसऱ्याचं नाव आलं की ते मला थांबवत आणि परत वाचायला लावत. पण दर सुट्टीला एक प्रश्न ठरलेला असे.

"अजून त्याच हातानं?"

"व्हय, अप्पा."

मग ते दुसरीकडं बघत. त्यांनी पुन्हा कधी कोणाला शिकवलं नाही.

निजामी संपली त्या हिवाळ्यात मी बी.ए. होऊन गावी आले. शाळा मागायचा अर्ज करायचं ठरलं. तालुक्याहून एक कारकून आला. मारुतीच्या पारावर बसून तो म्हणाला, "अंगठे नकोत. सह्या करणारी माणसं किती आहेत ते दाखवा."

अर्ज मी लिहिला. मग एकेक जण पुढं आला. ओट्यावरची ती पोरं आता बापई माणसं होती, कोणी पेरणी अर्धी टाकून आलेला, एक जण तर हुमनाबादेला शिंपीकाम करणारा, मुद्दाम आला होता. प्रत्येकानं टाक डाव्या हातात घेतला. प्रत्येक सहीपुढं थोडी शाई फरफटली.

कारकून बघत राहिला. "ह्या गावात सगळे डावरेच आहेत का?"

"न्हाई, साहेब," शिंपी म्हणाला. "आमचे मास्तर फौजेतले."

अप्पा पारावरच घोंगडी पांघरून बसले होते. मोतीबिंदूमुळं त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

"किती झाल्या?" त्यांनी विचारलं.

"अकरा, अप्पा. माझी धरून बारा."

मग त्यांनी घोंगडी बाजूला सारली आणि म्हणाले, "हात."

कितीतरी वर्षांनी तो शब्द ऐकला. कोणी कोणाला काही न सांगता आम्ही रांग केली. एकेकाचा डावा तळहात गुडघ्यावर घेऊन अप्पा त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. शाई ओली होती. माझ्यापर्यंत येईतो त्यांचाच अंगठा काळा झाला होता.

"तुझी तर पार मनगटापर्यंत ओली हाय," ते म्हणाले.

"आख्खा अर्ज मीच लिवला, अप्पा."

"त्याच हातानं?"

"त्याच."

त्यांनी माझा हात लगेच सोडला नाही. नंतर पूर्वीच्याच आवाजात म्हणाले, "जावा, धुवा."