ठेवणीतला मखमली ब्लाउज

मखमल रोज वापरते असं मी सांगितलं की लोक अजूनही मला वरून खालपर्यंत न्याहाळतात. कसबा पेठेतल्या दुकानदारानं तर ठाणाला हातही न लावता विचारलं होतं, "रोज घालायला? मग सुती घ्या." मी हट्टानं मखमलच घेतली. साध्या हातमागाच्या साडीवर कोपरापर्यंत बाह्यांचा मखमली ब्लाउज, गळ्यात-कानात काही नाही. जीन्सवर काळं मखमली जाकीट. अंगावर एकच वस्तू मखमली, बाकी सगळं सुती, एवढाच माझा नियम. ऑफिसातल्या एसीत ती ऊबही देते.

आईला हे पटायचं नाही. माझ्या लग्नात घालायला तिनं स्वतःसाठी शिवलेला बॉटलग्रीन मखमली ब्लाउज तिच्या धायरीच्या घरी कपाटात पडून होता. "अगं, घाल की भाजी आणायला जाताना," मी चिडवायचे.

"भाजीवाली भाव वाढवेल," ती म्हणायची. ठेवणीतलं ते ठेवणीतलंच.

मग तिचा आजार निघाला आणि मी कर्वेनगरहून तिच्याकडे राहायला गेले. दर तीन आठवड्यांनी इस्पितळात अर्धा दिवस सलाइन लावून बसायचं, आणि तिथे ती फार गारठायची. एका सकाळी तिनं आपणहून तो ब्लाउज काढला, वर पांढरी सुती साडी नेसली. "आज काय विशेष, आजी?" नर्सनं विचारलं.

"काही नाही. रोजचाच आहे," आई ऐटीत म्हणाली. इतकी वर्षं ज्यासाठी मी तिच्याशी भांडले, ते अशा ठिकाणी जिंकून मला कसला आनंद होणार होता!

ती वाळत गेली तसा ब्लाउज ढगळ झाला. दोन्ही बाजूंना टीप मारून तो आत घ्यायचं काम माझ्याकडे आलं. शिवण मी तिच्याकडेच शिकलेली. "आतली माया कापू नकोस हं," ती दर वेळी बजावायची. "बरी झाले की उसवायचंय." आमच्याकडे ते जादा कापड कधीच कापत नाहीत. अंग पुन्हा भरलं तर जागा हवी. मीही मान डोलवायचे.

तिसऱ्यांदा आत घेतला तेव्हा मात्र काखेत जाड घडी झाली आणि ती तिला काचायला लागली. सुती असतं तर दबलं असतं, मखमल कसली दबते? रविवारी दुपारी ती झोपलेली असताना मी कात्री घेतली आणि आतलं कापड सरळ कापून टाकलं. वाटलं, बाहेरून काय कळतंय! खरं सांगायचं तर, ते आता लागणार नाही असं मी मनात केव्हाच धरून चालले होते. त्याची मला आजही लाज वाटते.

जन्मभर शिवणकाम केलेली बाई ब्लाउज घालण्याआधी उलटा करून बघते, हे मी कशी विसरले? सोमवारी सकाळी इस्पितळात जायची तयारी करताना तिनं तो उलटा केला. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला लागलेली हिरवी लव पदराला पुसली.

"काचत होतं ना, आई, म्हणून..." मी म्हटलं.

"बरं केलंस." तिनं तो घातला, हूक लावले. "चांगला बसलाय."

इस्पितळातून परत आल्यावर एरवी ती आडवी व्हायची. त्या दिवशी तिनं कपाटातले आपले सगळे सुती ब्लाउज काढून पलंगावर रचले. "शेजारच्या वहिनींना देऊन ये," ती म्हणाली. मी रडत नको नको म्हणत होते. डॉक्टरांनी तिला जे सांगायचं टाळलं होतं, ते मी कात्रीनं सांगून टाकलं होतं. ती मात्र एकेक ब्लाउज उलटा करून शिवण तपासत होती.

"आत कापड आहे म्हणावं. लागलं तर सैल करता येतील."